काळ्या फियाटचा ठसा

सुकन्याच्या पत्राला नामदेव केणींनी उत्तर दिलं नाही, त्याला आता आठ वर्षं होऊन गेली होती.

निळं आंतरदेशीय पत्र, आत सात ओळी. "मुन्शीकाका, मी गणेशपुरीच्या नवशा फिटरची मुलगी. दाजी म्हात्र्यांच्या फियाटचं मूळ इंजिन माझ्या बापानं काढून विकलं की नाही, एवढंच सांगा. गॅरेजचं रजिस्टर तुमच्या हातात होतं. अजून आमच्या दारावरून जाताना माणसं 'इंजिनचोर' म्हणतात. तुम्ही खूप वाचता म्हणे. मग एक शब्द लिहायला हात दुखायचा नाही. हो किंवा नाही."

उत्तर लिहायलाच घेतलं नाही, असं नव्हे. पंधरा-वीस वेळा घेतलं. दर वेळी पहिलंच वाक्य खोटं वाटायचं आणि कागद फाटायचा. कमळबाई झाडू मारताना ते तुकडे गोळा करायच्या. "कोंबड्यांना टाकू का हे? त्यांचं तरी पोट भरंल," असं म्हणायच्या.

खरी गोष्ट नवऱ्यानं त्यांनाही सांगितली नव्हती.

सत्त्याऐंशी सालची ती गोष्ट. भिवंडीत कल्याण रोडला एक मोठं गॅरेज होतं आणि नामदेव तिथले मुन्शी. तिथली रीत ठरलेली. गाडी आत आली की इंजिनावर नंबर ठोकलेला असतो त्या जागी पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, उमटलेल्या ठशाच्या मागं गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची. दाजी म्हात्र्यांच्या काळ्या फियाटचं आरसी बुक उंदरांनी कुरतडलं होतं. नवं बुक काढायचं, म्हणून अर्जाला इंजिनाचा ठसा लावायचा होता. त्याच दिवशी शेजारी दुसरी एक काळी फियाट उभी होती, तिचाही ठसा झालेला. टेबलावर दोन चिठ्ठ्या आणि मांडीवर वाचनालयाचं जाडजूड प्रवासवर्णन. लेखक हिमालयात वाट चुकला होता आणि नामदेव त्याच्या मागोमाग चालले होते. त्यांनी एक चिठ्ठी उचलून अर्जाला चिकटवली, दुसरी खूण म्हणून पुस्तकात घातली. भेळेचा कागदसुद्धा वाचून टाकणाऱ्या माणसानं त्या चिठ्ठ्यांची मागची बाजू तेवढी वाचली नाही.

नव्या बुकात अर्थातच शेजारच्या गाडीचा इंजिन नंबर चढला. पुढं पावसाळ्यात गॅरेजातल्या नवशा फिटरनं दाजींचं इंजिन खोलून रिंगा बदलल्या. दिवाळीत दाजींनी गाडी धुताना सहज नंबर बुकाशी ताडून पाहिला, तर तो जुळेना. इंजिन खोललं कुणी? नवशानं. झालं! दाजींनी त्याला भर बाजारात त्याच फियाटच्या बंपरला बांधलं आणि चपलेनं मारलं. नामदेव गर्दीत पुढून तिसरे होते.

पुस्तकासाठी वाचनालयाची तिसरी नोटीस आली, तेव्हा ते परत करायला म्हणून त्यांनी उचललं. आतली चिठ्ठी पायाशी पडली. मागं त्यांच्याच वळणदार अक्षरात दाजींच्या गाडीचा नंबर होता.

पुस्तक कधीच परत गेलं नाही. बंपर अजून तिथंच होता आणि चप्पलही दाजींच्या पायातच होती. तोंड बंद ठेवायला नामदेवांना एवढं पुरलं.

आता दाजी वारून बारा वर्षं झाली होती. गाडी त्यांच्या मुलाकडं, प्रितेशकडं होती. खारबावला त्याची गोदामं होती. त्याचा फोन आला तो सरळ हुकमासारखा.

"मुन्शी, रविवारी या. बाबांची फियाट जुन्या गाड्यांच्या फेरीत उतरवायचीय, पुण्याहून तपासणारा येतोय. तुमी तवा गॅरेजात होता ना? गाडी पाठवतो. न्हायतर तुमी यायचं न्हाय, ठाव हाय मला."

रविवारी सकाळी नामदेवांनी कापडी पिशवीत ते पुस्तक घातलं. कमळबाईंनी पाहिलं.

"इंजिन बघाया चाललाव का वाचाया?"

"असू दे जवळ."

"तुमचं सगलंच जवळ असू दे, जवळ असू दे. कुनाला द्याचं म्हटलं की हात कापतात."

गोदामात खोक्यांच्या राशींमध्ये फियाट उभी होती. काळी कुळकुळीत, बोनेट उघडलेलं. पुण्याचा विशाल, तिशीतला शांत माणूस, बॅटरी दातात धरून आत वाकला होता. त्यानं घासलेटचा बोळा इंजिनाच्या कडेच्या सपाट पट्टीवर फिरवला, काळं मेण निघालं, आकडे वर आले. मग त्यानं कागद धरून पेन्सिल घासली. नामदेवांची बोटं पिशवीच्या आत आपोआप तशीच हलली.

"शेवटचे आकडे चार-दोन-सात," विशाल म्हणाला. "बुकात?"

"नऊ-एक-तीन," प्रितेश म्हणाला. "सांगितला ना तुमाला, चोरी झालेली हाय."

"मग अवघड आहे. मूळ इंजिन असेल तरच अस्सल गाड्यांत घेतात. नाहीतर नुसती जुनी गाडी." विशालनं भिंग काढलं. "गंमत म्हणजे नंबर खोटा नाही हा. घासून परत ठोकला असता तर पट्टी गुळगुळीत झाली असती. कारखान्यात ही जागा तासतात, त्या बारीक रेघा आकड्यांखालून सलग गेल्यात, बघा. नंबर खरा आहे. पण तो याच गाडीचा कशावरून?"

"हिचा न्हायच तो!" प्रितेश नामदेवांकडं वळला. "बोला मुन्शी. नवशानं आमचं इंजिन कुनाला इकला? तुमाला ठाव असनार. सगला रजिस्टर तुमच्या काखेत असायचा."

"मला... म्हणजे तसं नव्हे..."

"तसं न्हवं म्हंजे कसं? अहो, बोलताव का पुटपुटताव? बाबा म्हनायचे, हा मुन्शी हाय का उंदीर, टेबलामागं दिसतच न्हाय. बरोबर बोलायचे." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "जाऊ द्या. नवशा अजून जिता हाय. गणेशपुरीला यष्टी स्टँडजवळ पंक्चर काढतो. चार पोरं घेऊन आताच जातो. बाबांनी चपलेवर भागवला, मी न्हाय भागवनार. तासाभरात बोलंल, इंजिन कुठं गेलं ते."

"प्रितेशशेठ, माणूस सत्तरीचा असेल," विशाल म्हणाला.

"चोराला वय असतं काय?"

त्यानं गोदामाच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "कुणाल, गाडी काढ रं."

नामदेवांना आपला आवाज ऐकू आला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"इंजिन बदललंच नाही."

"काय?"

"हेच इंजिन. पहिल्यापासून हेच. बुक चुकलंय. बुकाची चूक माझी आहे." त्यांनी पुस्तक काढलं. घाईत पिशवीचा बंद बोटाला अडकला, सुटेना. तसंच लोंबकळत्या पिशवीसकट त्यांनी पान उघडलं. बाजूच्या पानावर चिठ्ठीच्या आकाराचा पिवळा डाग पडला होता. "तारीख बघा. नवशानं इंजिन खोलायच्या दोन महिने आधीची. गाडीचा नंबर मागं आहे."

विशालनं चिमट्यानं चिठ्ठी उचलून आपल्या ताज्या ठशाशेजारी ठेवली.

"चार-दोन-सात," तो म्हणाला. "आणि दोनचा आकडा कललाय, तो दोन्हीकडं सारखाच कललाय. सातच्या पायाशी बारीक ओरखडा आहे, तोही. शेठ, हे हेच इंजिन आहे. दुरुस्तीआधी आणि नंतर एकच."

मग नामदेवांनी सगळं सांगितलं. दोन गाड्या, दोन चिठ्ठ्या, हिमालय. सांगताना ते प्रितेशकडं नाही, बोनेटच्या बिजागरीकडं पाहत होते.

"म्हंजे," प्रितेश सावकाश म्हणाला, "तू पुस्तक वाचीत व्हतास."

"हो."

"आनि माज्या बापानं फुकट एका मानसाला बाजारात मारला. आनि तू बघत व्हतास."

"हो."

प्रितेशनं खोक्याला लाथ मारली. वरचं खोकं घरंगळून खाली आलं. तो दोन येरझाऱ्या घालून परतला तेव्हा आवाज खाली आला होता आणि तो जास्त भीतिदायक होता.

"ठीक हाय. गाडी अस्सल हाय ना? मंग झालं तर. विशालशेठ, तुमी कागद करा. मुन्शी, तुमी लिवा, इंजिन मूळचं, ठसा सोबत. नवशाचं नाव न्हाय, बाबांचं न्हाय, मारामारी न्हाय. चिठ्ठी ठेवा बोनेटवर आनि निघा."

नामदेवांनी पेन घेतलं. कागदावर 'लिहून देतो की' एवढं उतरलं. पहिलं वाक्य नेहमीसारखंच खोटं वाटू लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चिठ्ठी उचलून पुस्तकात घातली आणि पुस्तक छातीशी धरलं.

"ही मी नवशाच्या मुलीला पाठवणार आहे. तिनं आधी विचारलं होतं."

"आधी?"

"आठ वर्षांपूर्वी."

प्रितेशचा हात पुस्तकाकडं आला. विशालनं तो मनगटाशी धरला. "ओढू नका. अडतीस वर्षांचा कागद आहे, भुगा होईल. भुगा झाला तर माझ्याकडून अस्सलचा शिक्का विसरा. आणि ऐकल्यावर मी अर्धंच कसं लिहू?"

"मंग मी काय करू?"

"तिच्याकडून मागा," नामदेव म्हणाले.

"मी? नवशाच्या दारात जाऊन मागू?" प्रितेश त्यांच्या अगदी जवळ आला. "भायेर हो, म्हाताऱ्या. गाडी मिळनार न्हाय. चालत जा. आनि परत कवा तुजं तोंड दिसला ना..."

पुढचं नामदेवांनी ऐकलं नाही. आपण बरोबर केलं की नाही हेही त्यांना कळत नव्हतं. नाक्यापर्यंत ते चालले, तिथं भिवंडीची रिक्षा मिळाली. वाटेत तीनदा पुस्तक उघडून चिठ्ठी आहे ना ते पाहिलं.

घरी आल्यावर त्यांनी कमळबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सांगून संपलं तरी निवडतच राहिल्या.

"अडतीस वर्सं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी समजायची, तुमी नुसते भित्रे हाव." आणि सूप आपटून आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी वाढलं, पण पानाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव लिहायला बसले. दोन पानं झाली तशी कमळबाईंनी पाठीमागून कागद ओढून घेतला. चष्मा लावून वाचला.

"हे सगलं काय? तुमी कवा जन्मलाव, काय वाचलाव, कसं वाटला... ती पोर आठ वर्सं थांबली, आता तुमचा पुरान ऐकू दे काय? तिनं काय इचारलंय?"

"हो किंवा नाही."

"मंग?"

नामदेवांनी नवा कागद घेतला.

"चि. सुकन्या, नाही. तुझ्या बापानं इंजिन बदललं नाही. चूक माझी होती, ती मला त्याच वर्षी कळली आणि मी बोललो नाही. सोबतची चिठ्ठी पुरावा आहे. म्हात्र्यांच्या प्रितेशला ती हवी आहे, तो तुमच्या दारात येईल. द्यायची की नाही आणि कशाच्या बदल्यात, ते नवशानं ठरवावं. माफी मागायला हे पत्र पुरेसं नाही हे मला कळतं. नवशा येऊ देईल त्या दिवशी मी येईन. नामदेव केणी, मुन्शी."

चिठ्ठी दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली. पोस्टात रांग होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला टाकलं आणि पत्ता वाचला.

"गणेशपुरी. स्पीड पोस्ट ना? आत काय, कागदपत्रं?"

"उत्तर आहे," नामदेव म्हणाले.

बाईंनी न ऐकल्यासारखं केलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.