बंद नंबर

सौदामिनी काही बावळट नव्हती, हे आधी नीट ध्यानात घ्या. नवऱ्याला सोडून नांदेडहून उदगीरला आली, तेव्हा तिनं मागे माग म्हणून ठेवला नव्हता. नवं सिम, नवं बँक खातं, शिकवणीच्या वर्गात माहेरचं आडनाव. जुना फोन सिमसकट नांदेडच्या घरी फ्रिजवर टाकून आली होती. नवऱ्यानं, रेणुकादासनं, तिची बोटं दारात चेंगरली, तेव्हापासून तिची डावी करंगळी वाकत नव्हती. पुन्हा त्याच्या हाती लागायचं नाही, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून नवा नंबर ती कुणाकुणाला देत नसे. आणि हल्ली साधा साबण घ्या, लगेच "मॅडम, मोबाईल नंबर?" जसं काही नंबराशिवाय फेसच येणार नाही! घरोबा मार्टच्या काउंटरवर ती बिनधास्त जुनाच नंबर ठोकून द्यायची. त्यावर नांदेडच्या शाखेतले सहा वर्षांचे पॉइंट होते, इथल्या खरेदीचेही त्यातच जमा व्हायचे. नंबर तर मेलेला, त्याला रिचार्ज कोण मारतंय? बिलाचा मेसेज गेला तर फ्रिज वाचेल, असं म्हणून ती मनातल्या मनात हसायची. एकदा तांदळाचा कट्टा जड झाला, तेव्हा पत्ताही सांगितला आणि कट्टा घरपोच आला.

आठ महिने बरे गेले. मग एका शनिवारी दुपारी ती वर्गावरून आली, तर जिन्याच्या पायरीवर घरोबाची भरलेली पिशवी. घरमालकीण कमलम्मा शेजारीच शेंगा फोडत बसलेली.

"आत्ताच आलं बघ तुझं सामान, बाई."

"मी काहीच मागवलं नाही, कमलम्मा."

"अय्यो, नाव तर तुझंच हाय की!"

तिनं पिशवी उघडली. तिचाच चहा, तिचाच साबण, तिचीच ज्वारीची बिस्किटं. फक्त सगळं दुप्पट. खाली दाढीची ब्लेडं, आणि ते आवळ्याचं तेल, ज्याचा वास शेजारच्या उशीला आला की नांदेडला तिची झोप उडायची.

बिलावर जुना नंबर होता. पॉइंट वापरले होते, आणि पॉइंट वापरायचे तर फोनवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. म्हणजे फोन चालू होता. महिन्यामागून महिना रिचार्ज मारून तो तिची बिलं वाचत बसला होता. कुठली शाखा, कुठला वार, किती वाजता, काय नेलं, कट्टा कुठल्या पत्त्यावर गेला. आपण लपलोच नव्हतो, दर आठवड्याला आपल्याच तोंडानं त्याला पत्ता देत होतो! स्वतःच्या हुशारीची इतकी चीड तिला कधी आली नव्हती.

"कमलम्मा, कुणी विचारलं तर मी इथं राहत नाही म्हणा. वरून बॅग घेते आणि निघते."

कमलम्माचा हात थांबला.

"आता कोण विचारणार गं? मालक आलेत की तुझे, सकाळीच. लई गरीब माणूस. दुसरी किल्ली मागितली, मी दिली. वर निजलेत."

वरचं दार उघडलं. आवाज तोच, गोड, समजुतीचा.

"मिनी, खोकल्याचं औषध तीनदा नेलंस या महिन्यात. असं अंगावर काढू नये. ये वर."