येते म्हण

पहिल्या दिवशी कॉलेजला निघताना हिरुत उंबऱ्यात उभी राहिली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाली, "मावशी, मी जाते."

आतून लीलाबाई पिठाच्या हातानंच धावत आल्या. तिला दंडाला धरून परत आत आणली, खुर्चीवर बसवली आणि चिमूटभर साखर तोंडात घातली.

"जाते म्हणायचं न्हाई गं बाई! जाते म्हणून गेलेलं माणूस माघारी येत न्हाई. येते म्हणायचं. म्हण."

"येते."

"आणि तुझा तो ज!" लीलाबाईंची मुलगी राजनंदिनी फिदीफिदी हसली. "तो जेवणातला ज झाला. इथं जहाजातला पाहिजे."

हिरुत इथिओपियाहून सांगलीला औषधशास्त्र शिकायला आली होती. त्या संध्याकाळी तिनं फोनवर आईला सांगितलं, इथली माणसं जाताना येते म्हणतात. आई म्हणाली, मग माणसं चांगली असणार.

दीड वर्ष चांगलीच होती. लीलाबाईंच्या माडीवरची खोली, खाली त्यांची सून रेश्मा आणि अलीकडंच झालेला तिचा तान्हा वीर. आंबोळीचा वास आला की हिरुतला घरच्या तशाच आंबट, जाळीदार इंजेराची आठवण व्हायची आणि ती न बोलावता खाली उतरायची. लायब्ररीतून यायला उशीर झाला, की वीरला कडेवर घेऊन फाटकाशी उभी असलेली रेश्मा लांबूनच दिसायची.

मग औंधची खेप झाली. वीरला यमाईच्या पायांवर घालायचं होतं. डोंगर चढताना रेश्माला धाप लागली, म्हणून हिरुतनं पोराला घेतलं. खाली उतरून बघतात तर वीरच्या उजव्या कानातली सोन्याची बाळी नाही! लीलाबाईंनी आधी पायऱ्यांकडं बघितलं, मग हिरुतकडं. आणि एसटी स्टँडवर, भरल्या गर्दीत, तिची पिशवी बाकावर पालथी केली. वही, कंगवा, आईचा फोटो, बायकांनी लपवून ठेवायच्या वस्तू, सगळं लोकांसमोर. बाळी काही निघाली नाही.

"बघायला नगं व्हय?" लीलाबाई जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "कुठल्या मुलखातलं माणूस, आपल्याला काय म्हाईत?"

परतीच्या गाडीत हिरुतच्या शेजारची जागा सांगलीपर्यंत रिकामीच राहिली. आठवड्याभरात गल्लीला कळलं. शेजारीण तिला बघून दाराला कडी लावायची. भडंगवाला तिच्या हाताकडं बघत पुडी बांधायचा.

तीन आठवड्यांनी रेश्मा वीरची औंधला घातलेली कुंची धुवायला बसली, तर उसवलेल्या अस्तरात काहीतरी टोचलं. बाळी!

"कपाटात ठेव आन् गप ऱ्हा," लीलाबाई म्हणाल्या. "आता सांगून आपलीच शोभा."

रेश्माला दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी ती माडीवर गेली आणि रडत सगळं सांगून मोकळी झाली. "मी बोलले असते गं. पण मला याच घरात राहायचंय."

हिरुत रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघींनाच."

"बरं."

पुढच्याच महिन्यात तिला शिरवळच्या औषध कारखान्यात प्रशिक्षणाला जायचं होतं. तिथल्याच स्टोअरमध्ये लीलाबाईंचे भाऊ नानासो कामाला. "अक्का, तू घोर करू नगंस, तिकडं मी हाय की लक्ष ठेवायला," असं त्यांनी जिन्यात उभं राहून, वर ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं होतं. म्हणजे ती पोचायच्या आधी तिची चोरी शिरवळला पोचणार होती.

हजर व्हायचं होतं सोमवारी. रविवारी निघालं तरी चाललं असतं. पण शनिवारी सकाळी राजनंदिनीच्या लग्नाची मुहूर्तमेढ होती. हिरुतनं शनिवार निवडला.

मेढ रोवून झाली होती. मांडवात पाहुणे चहा घेत होते, नानासो फेटा सारखा करत होते. हिरुत बॅग घेऊन जिना उतरली आणि उंबऱ्यात थांबली.

"मावशी, मी जाते."

पाहुण्यांनी माना वळवल्या. लीलाबाईंच्या हातात साखरेची वाटी तशीच राहिली. "अगं... विसरलीस व्हय? येते म्हण."

"विसरले नाही. वीरची बाळी कुठं सापडली?"

"आत्ता ते काय काढलंस! शुभकार्य हाय. येते म्हण आधी."

"बाळी सापडली?" नानासो वळले. "कवा गं अक्का?"

लीलाबाईंनी सुनेकडं जळजळीत बघितलं. रेश्मानं वीरला छातीशी घट्ट धरलं, पण मान खाली घातली नाही.

हिरुतनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"कुंचीत!" लीलाबाई ओरडल्याच. "कुंचीच्या अस्तरात घावली. महिना झाला."

"मग मी काय केलं होतं?"

"काय न्हाई केलंस, बाई. तू काय न्हाई केलंस. मीच..." त्यांनी साखरेची वाटी पुढं केली. "माझीच चूक झाली. आता तरी म्हण."

नानासोंनी हातातला कप खाली ठेवला. शेजारीण डोक्यावरचा पदर उगीच पुढं ओढत राहिली.

हिरुत आत वळली. वीरचा गाल ओढून म्हणाली, "वीर, येते हं." रेश्माला मिठी मारली, "वहिनी, येते." नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, "येते गं." लीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या साखरेची चिमूट धरून पुढं आल्या.

हिरुतनं तोंड उघडलं नाही. बॅग उचलली, उंबरा ओलांडला आणि मांडवाच्या टोकाला जाऊन मागं वळली. आज पहिल्यांदा ती त्यांना मावशी म्हणाली नाही.

"लीलाबाई, जाते."

या वेळी ज बरोबर जहाजातला लागला. कुणी हसलं नाही.