लाल टोपीचा कोल्हा

अलास्कात, ब्रूक्स डोंगररांगेच्या उत्तरेला, १९७५ च्या सप्टेंबरातल्या एका सकाळी तेलवाहिनीच्या कामावर अठरा माणसं होती, चार फूट व्यासाचे नऊ पाइप, वेल्डिंगचे पाच ट्रक, एक बस आणि एक कोल्हा. कोल्ह्याला मोजायलाच हवं, कारण तो डेल्विन टॅकेटच्या पुढ्यात बसला होता.

रानातल्या प्राण्याला खाऊ घातलं की नोकरी गेली, असा छावणीचा नियम. डेल्विन ओक्लाहोमाचा वेल्डर. उन्हाळाभर त्याने डब्यातलं बेकन गुपचूप खाली टाकलं होतं. आता या पट्ट्याचा शेवटचा सांधा त्याला आपल्या हातांनी जोडायचा होता, आणि कोल्हा रोज हक्काच्या जावयासारखा हजर.

"आले बघ तुझे जावईबापू," बस चालवणारी एटा म्हणाली. ती युकॉन नदीकाठची.

"हळू बोल, बाई. उद्या तपासनीस येतोय. सगळ्यांना रांगेत उभं करणार. कोल्हा ज्याच्याकडे जाईल तो संध्याकाळच्या विमानात."

"मग तोंड झाक."

"झाकून पाहिलं. तरी ओळखतो मेला."

एटाने त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली. लाल, पांढऱ्या ठिपक्यांची. वेल्डरांच्या बायका अशा टोप्या घरून शिवून पाठवत, प्रत्येकीचं कापड निराळं. एटा ती घालून वीसेक पावलं चालली. कोल्हा उठला आणि तिच्यापुढे जाऊन बसला. डेल्विनने टोपी परत घातली, कोल्हा परत आला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"तुझ्यावर कसला जीव? टोपीवर आहे," एटा म्हणाली.

"मग उद्या बोडकाच येतो."

"आणि तो वास काढत तुझ्यापाशीच आला तर? टोपी दिसायला हवी. फक्त तुझ्या डोक्यावर नको. पाहुण्याला टोपी द्यायची रीत आहे ना तुमच्यात?"

डेल्विनच्या ट्रंकेत त्याच कापडाची एक कोरी टोपी होती.

दुसऱ्या दिवशी तपासनीस प्राउट आला. वेल्डरांनी गंभीर चेहऱ्याने त्याला टोपी घातली.

"साहेब, नाही म्हणू नका. बायकोने शिवलीय, तिला वाईट वाटेल," डेल्विन म्हणाला.

प्राउट खूश झाला. अठरा जण रांगेत उभे राहिले, डेल्विन बोडका, टोकाला बसपाशी एटा, आणि प्राउट समोर दहा फुटांवर. झुडपातून कोल्हा निघाला. रांग त्याने हुंगलीसुद्धा नाही. तो सरळ प्राउटपुढे जाऊन बसला आणि एक पाय त्याच्या बुटावर ठेवला.

कुणी हसलं नाही. एटा बसचा टायर तपासू लागली.

"हा... हा मला ओळखत नाही," प्राउट म्हणाला.

"ओळखतो असं आमच्यातलं पण कुणी म्हणालं नाही, साहेब," डेल्विन म्हणाला.

संध्याकाळच्या विमानातून एकच माणूस गेला, लाल टोपी घालून. पुढच्या आठवड्यात डेल्विनने शेवटचा सांधा जोडला. क्ष-किरण तपासणीत दोष शून्य निघाले.