बावन्न मिनिटांचं दही

पीप-पीप, पीप-पीप. सगळं घर दुपारचं निजलेलं, त्यात तापाचा थर्मामीटर एवढ्यानं ओरडला की मी त्याच्यावर हातच ठेवला. माझ्या पोरीनं, निकितानं, कूस बदलली आणि परत झोपली. ताप कुणालाच नव्हता. थर्मामीटर लोट्यातल्या दुधात होता. इतका वेळ आकडाच दाखवत नव्हता, आता कुठं बेचाळीसवर आला. घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

परवा येळवस. त्या अमावस्येला आमचं अख्खं सास्तूर गाव शेतात जेवतं, आणि आंबिलीला ताक लागतं घागरभर. म्हणून अव्वांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पंधरा लिटर दूध उकळून पातेलं खाली उतरवलं होतं. "कोमट झालं की विरजण लाव गं. बोट घालून बघ," म्हणून त्या शेजारी शिवलीलाकडं शेंगा सोलायला गेल्या. ती दुपार तेवढी माझी.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी उमरग्याला माझा पेपर. डिफरन्शियल इक्वेशन्स. बी.एस्सी.चा हा एकच विषय राहिलाय, आणि नियमानं ही शेवटची संधी. निकिता, तिचे दात, तिचे जुलाब, ह्यातनं दोनदा बसले, दोनदा पडले. फर्स्ट ऑर्डरचं समीकरण नुसतं दिलं तर मला सुटतं. शाब्दिक उदाहरण आलं की समीकरण मांडताच येत नाही. आणि वस्तू निवण्याचं उदाहरण तर हमखास येतं. भोवतालच्या हवेपेक्षा वस्तू जितकी जास्त गरम, तितकी भराभर निवते. फरक कमी होत गेला की तिचा निवण्याचा वेगही मंदावतो. वेगाचं त्या फरकाशी जे प्रमाण, तो के.

बोटानं कोमट मला कधीच कळत नाही. म्हटलं, आज गणितानंच विरजण लावू. पोरीच्या काखेतलं यंत्र येळवशीच्या दुधात घातलं असतं, तर अव्वांनी सगळं दूध गुरांना पाजलं असतं. म्हणून त्यातलंच लोटाभर बाजूला काढलं होतं. सुरुवात शंभर अंश, खोलीत चोवीस, अठ्ठेचाळीस मिनिटांनी बेचाळीस. इंटिग्रेशन केलं, सुरुवातीच्या तापमानावरून स्थिरांक काढला, के आला शून्य पूर्णांक शून्य तीन. म्हणजे चाळीस अंशांना बावन्न मिनिटं. वहीत एकही खाडाखोड नाही! बावन्नाव्या मिनिटाला घरातलं होतं तेवढं विरजण पातेल्यात घातलं. ढवळताना पळीची दांडी जरा कढत लागली, पण वहीवर माझा विश्वास जास्त होता. वर गोणपाट गुंडाळलं.

संध्याकाळी अव्वांनी झाकण काढलं. दूध आपलं दूधच.

"ह्ये काय गं? विरजण लावलंस का नुसतं दावलंस?"

मी वही पुढं केली, लोट्याचं सगळं सांगितलं. त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

"लोटा कवाच निवतो. एवढ्या पातेल्याला तीन तास लागत्यात. तुझ्या गणितात भांडं न्हाय व्हय?"

होतं की. के म्हणजेच तर भांडं. मी लोट्याचा के पातेल्याला लावला होता. उभ्याउभ्याच ती ओळ खोडली, तीन तास धरून नवा के काढला. बावन्नाव्या मिनिटाला पातेलं बहात्तर अंशांवर होतं. विरजण भाजून मेलं होतं.

"अव्वा, मी पेपरला जात नाही. साधं दही लावता येईना मला."

"गप बस."

दिवेलागण झालीच होती, आणि एकदा दिवा लागला की आमच्याकडं विरजण कुणी घराबाहेर देत नाही. अव्वा तशाच परसातल्या भिंतीशी गेल्या.

"शिवलीला! दिवा लावू नगंस! काडी वढली असशील तर इझव!"

"का वो काकू? काय झालं?"

"आमच्या सुनंनं गणित केलंय. आधी वाटीभर विरजण दे!"

भिंतीपलीकडं हसू फुटलं. मागनं वाटी आली.

दूध एव्हाना निवलं होतं, ते परत जरा कोमट केलं. अव्वांनी माझं बोट धरून त्यात बुडवलं. "धापातूर मोज. वढून घ्यावं वाटलं न्हाय, की झालं." मी दहापर्यंत मोजलं. नंतर पदरानं माझं बोट पुसत त्या म्हणाल्या, "पेपरला जायचंच. पोरीला मी बघते. तितं भांडं इसरू नगं, म्हंजे झालं."

मी विरजण लावलं. निकिता ओट्यावर बसून कधीची सगळं बघत होती. ती पहिलीत आहे. तिच्या बाई चुकलेलं गणित खोडायला लावतात आणि शेजारी परत करून घेतात. माझी वही मांडीवर ओढून घेऊन खोडलेल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"मम्मी, पेपरात तुझं चुकलं, तर तिथल्या बाई पण परत करू देतात का?"