आधी ताट, मग सुई

आमच्या घरात सासूबाईंचा एक नियम होता. त्यांचा लेक कामावरून येऊन ताटावर बसल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. सातव्या महिन्यात याच नियमापायी मी चक्कर येऊन ओट्यापाशी कोसळले. सासूबाई म्हणाल्या, "इतकी कसली मेली भूक? नाटकं नुसती." ते मी विसरले नाही. विसरणारही नाही.

पुढे त्यांनाच मधुमेह जडला, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ताट समोर आलं की मगच सुई, आणि टोचल्यावर जेवायला उशीर नको. सासूबाईंनी सुईचं ऐकलं, ताटाचं नाही. त्या दिवशी टोचून घेतलं आणि दाराकडे डोळे लावून बसल्या. लेकाच्या छापखान्यात नेमकं मशीन बंद पडलेलं.

"आई, जेवून घ्या," मी म्हटलं.

"तो येऊ दे. तुझ्यासारखी हावरट नाही मी."

बरं. बसा म्हटलं.

थोड्या वेळाने त्यांचे हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजला, जीभ जड झाली. मी पेल्यात साखर ढवळली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पेला हातातच ठेवला. खोटं कशाला बोलू, मनात उकळ्या फुटत होत्या.

"इतकी कसली मेली भूक?" मी विचारलं. "नाटकं नुसती."

त्यांनी वर पाहिलं. आपलंच वाक्य त्यांनी बरोबर ओळखलं.

"दे गं," त्या पुटपुटल्या.

"तो यायचाय अजून."

"नको थांबायला. दे."

एवढंच मला ऐकायचं होतं. पेला ओठांना लावून घोट घोट पाजलं. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा वर आलेला दिसल्यावर त्यांचं ताट वाढलं, शेजारी माझंही. त्यांच्यादेखत पोटभर जेवले.

नवरा आला तेव्हा आमची ताटं रिकामी होती. "हे काय, थांबला नाहीत?"

"आई, सांगा तुमच्या लेकाला," मी म्हटलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. "आता कुणी कुणासाठी थांबायचं नाही. तुझं तू वाढून घे."

इन्सुलिनचं पेन आता माझ्या कपाटात असतं. रोज त्यांचं ताट समोर ठेवते, माझं शेजारी. पहिला घास मी खाते. सावकाश चावते. मग त्यांना सुई देते.