पंपसाहेबांचं कारंजं

गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. आमच्या खाणीचे साहेब रामचंद्रपंत, त्यांना कंपनीनं पाणी उपसायला वाफेचा पंप दिला होता. १९१२ साली तो कॅसलरॉकला रेल्वेतून उतरला आणि बारा बैलांनी नंदिगड्ड्याजवळच्या आमच्या मँगनीजच्या खाणीवर ओढून आणला. खाण जुनी झालेली. वरचा माल संपला होता, खालचा पाण्यात बुडाला होता. होळीपर्यंत तळ कोरडा झाला नाही तर खाण बंद, असा हुकूम होता. मी, बाबुराव, तिथला मुकादम. खाण गेली की मला खानापूरला परत जावं लागणार, आणि तिथं माझं वीतभर शेतही नव्हतं.

पंपाचा पाईप पंतांनी कुठं सोडावा? आपल्या बंगल्यासमोर, खाणीच्या वरच्या पठारावर. का, तर व्हरांड्यात चहा पिताना उडणारं पाणी दिसावं. महिनाभर पंप धापा टाकत होता आणि खाणीतलं पाणी बोटभरही उतरत नव्हतं. "खाली पाताळगंगा आहे," पंत म्हणायचे. एवढी अक्कल शिकल्याशिवाय येत नाही.

झिलू हा खाणीवर पाट्या वाहणारा कुणबी. शेताचा बांध कुठं गळतो ते बघायला त्याच्या घरचे पाण्यात भाताचं तूस सोडायचे. त्यानं पठारावरच्या डबक्यात टोपलीभर तूस ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाणीत नेलं. पाण्यावर तूस तरंगत होतं.

"मुकादम, वर टाकल्यालंच पानी खाली येतंय. पायप पल्याडच्या उताराला व्हाळात सोडा, पानी व्हाऊन जाईल. आट दिसात तळ दिसंल."

आम्ही बंगल्यावर गेलो. झिलूनं ओंजळीतलं ओलं तूस पुढं धरलं. पंत हसले.

"आता हा मला पाणी शिकवणार. काय हो बाबुराव, येतं का पाणी परत?"

मी डोळ्यांनी बघून आलो होतो. पण साहेब हसत होते. मीही हसलो.

"छे, साहेब. तूस वाऱ्यानं पडलं असेल."

झिलूनं माझ्याकडं बघितलं. "व्हय, वारंच आसंल," म्हणाला आणि हात झटकून निघून गेला.

होळीला खाण बंद झाली. पंतांना बढती मिळाली, दुसरीकडच्या मोठ्या खाणीवर. गाठोडं घेऊन मी स्टेशनकडं निघालो तेव्हा झिलू शेतात बांध घालत होता. "जेवून जावा," म्हणाला. मला थांबायची लाज वाटली.

पंत मूर्ख होते, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलंय. पण त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.