मागून हाक

हेमीने पहिल्याच भेटीत नियम सांगितले होते. एकामागे एक चालायचं, तोंड बंद ठेवायचं आणि त्याने हात वर केला की जिथे असाल तिथे थांबायचं. आमचे काशिनाथराव यातला पहिला नियम तरी पाळतील, अशी मला आशा होती.

हेमी इथलाच. ख्राइस्टचर्चजवळ बँक्स पेनिन्सुलावर त्याचं गुरांचं फार्म आहे. तरुणपणी त्याने झांबियात लुआंग्वाच्या अभयारण्यात गाइडचं काम केलं आणि अजूनही दर ऑगस्टमध्ये तो मोजक्या लोकांना तिकडे नेतो. जीप नाही, सगळं पायी. पुढे बंदूकवाला रेंजर, मुक्कामाला कोरड्या नदीकाठी गवताच्या चार खोपट्या, त्याही पावसाआधी मोडून टाकतात. मी ख्राइस्टचर्चला हॉस्पिटलात नर्स आहे. आजवर जिप्सीत बसून वाघाची शेपटी तेवढी पाहिली होती. आता मला हत्ती गेला त्याच मातीत पाय ठेवायचा होता. हट्ट म्हणा हवं तर. पण २०१६चा ऑगस्ट मी सोडणार नव्हते.

फार्मवर चालवून बघितल्याशिवाय हेमी कुणालाही नेत नाही. तिकडच्या रानम्हशींच्या जागी इकडे त्याचे बैल.

पहिल्या वेळी वळणावर एक काळा बैल आडवा उभा होता. हेमीचा हात वर गेला आणि आम्ही सगळे थांबलो. तेवढ्यात मागून काशिनाथरावांचा आवाज आला, "अगं, बैल!" आणि मी वळले. नुसती वळले नाही, तरातरा त्यांच्याकडे चालत गेले. तीस वर्षांच्या संसारात 'अगं' ऐकलं की हातातलं टाकून जायचं, हेच अंगवळणी पडलेलं. बैल मान खाली घालून पुढे आला. हेमीने काठी आपटून त्याला हुसकावलं म्हणून निभावलं.

हेमी काशिनाथरावांना काही बोलला नाही, बोलला तो मला. ओरडणाऱ्याला मी घरी ठेवीन, म्हणाला, पण वळणाऱ्याचं काय करू? तू पळालीस की मागचे पळतात, आणि पळणाऱ्याच्या मागे रानम्हैस लागतेच. महिन्याने पुन्हा ये, तेव्हाही वळलीस तर झांबिया विसर.

घरी येईपर्यंत मी गाडीत धुमसत होते. काशिनाथरावांचं म्हणणं, बैल दिसल्यावर सांगायचं नाही तर काय आरती ओवाळायची? मी त्यांना सासूबाईंची आठवण करून दिली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारली तर त्या घर डोक्यावर घेत. ते शुभकार्याला, असं म्हणून हे मोकळे झाले.

मग मी ठरवलं, त्यांचं तोंड बंद होणं माझ्या हातात नाही, माझी मान आहे. दर रविवारी गावाजवळच्या पोर्ट हिल्सच्या टेकड्यांवर मी पुढे आणि हे मागे. काम एकच, मला हाका मारायच्या. असं आवडीचं काम त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. "अगं, गॅस बंद केलास का?" "अगं, ऋग्वेदाचा फोन आलाय!" गॅसवर मी लवकर मात केली. मुलीच्या फोनवर मात्र मान वळायचीच. पुढे तेही थांबलं. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईला वाटलं आमचं कडाक्याचं भांडण झालंय. तिने हळूच विचारलं, "यू ओके?" मी म्हटलं, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास.

दुसऱ्या वेळी गवत ओलं होतं. हेमीच्या मागे मी, मग सफरीला येणारे दोघे किवी, म्हणजे इथलेच, सगळ्यात शेवटी काशिनाथराव. ओढ्यापाशी हात वर गेला. समोर गाय होती आणि तिच्या पोटाशी नुकतं जन्मलेलं वासरू. अशी गाय बैलापेक्षा वाईट. मी होते तिथेच उभी राहिले.

मागे धप्पकन काहीतरी पडलं. मी 'अगं'ची वाट पाहत राहिले. ती हाक आलीच नाही. आली असती तर बरं, असं वाटायला लागलं, कारण या माणसाचं गप्प राहणं मला ओळखीचं नव्हतं. तरी मान हलू दिली नाही. गाय कितीतरी वेळ रोखून बघत होती. शेवटी वासराला ढुशी देत ती पलीकडे गेली. हेमीने हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

तेव्हा मी वळले. काशिनाथराव चरात पडले होते. पाय अंगाखाली मुडपलेला, चेहरा पांढराफटक आणि स्वतःचे दोन्ही हात स्वतःच्याच तोंडावर दाबलेले. गुडघा गेलाय हे मला लांबूनच कळलं.

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये," ते म्हणाले. "आई सांगायची."

मला रडू आलं आणि रागही आला. गुडघा बांधता बांधता मी त्यांना नको नको ते बोलले. तुम्हाला अशा अवस्थेत टाकून मी कुठेही जाणार नाही, हेही सांगून टाकलं.

"ऋग्वेदा येईल आणि काठी आहे," ते म्हणाले. "मी एवढा घसा कोरडा केला तो तू घरी बसावंस म्हणून? तू जायचंस."

मी कधी नव्हे ते त्यांचं ऐकलं. जायचं ठरलं. दोघा किवींनी त्यांना आधार देऊन बसतं केलं आणि मी फाटकापासची गाडी आणायला निघाले. वाट चढाची होती. मागून एकही हाक आली नाही. इतक्या रविवारांचा सराव होता, तरी मीच वळून पाहिलं. ते हाताने जा, जा करत होते.